असावी आणि असणारच

तर्कशास्त्र हा विषय मी सत्तावीस वर्षं शिकवला. सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावी-बारावीच्या कला शाखेला. त्या सगळ्या काळात परीक्षांमधल्या पर्यायी तर्कप्रश्नांबद्दल माझं मत पक्कं होतं आणि ते मी वर्गात, स्टाफरूममध्ये, पालकांसमोरही बोलून दाखवत असे. पाच पर्याय वाचायचे आणि मिनिटभरात एक गोल काळा करायचा, याला विचार करणं म्हणत नाहीत, असं मी सांगे. त्यातही एका प्रकारावर माझा विशेष राग होता. वर एक सदोष युक्तिवाद द्यायचा, खाली आणखी पाच युक्तिवाद द्यायचे आणि विचारायचं, यातला कोणता अगदी त्याच तऱ्हेने चुकला आहे? मला वाटे, हे म्हणजे नासलेल्या पाच भाज्या चाखून पहिलीसारखी कोणती नासली ते सांगण्यासारखं आहे. चूक दिसली, तिचं नाव सांगितलं, ती दुरुस्त केली, की काम झालं. त्या चुकीची जुळी बहीण शोधून काय मिळवायचं?

हे मत आता माझं राहिलेलं नाही. ते कसं गेलं हे लिहायचं आहे, कारण ते जात असताना माझ्या हातून पूर्वी घडलेली एक गोष्ट मला पहिल्यांदा नीट दिसली.

निवृत्तीनंतर एक हिवाळा मी धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला काढला. तिची मुलगी तेव्हा एलसॅटच्या तयारीत होती. अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश घ्यायचा तर ही परीक्षा देतात. १९४८पासून ती चालू आहे. ऑगस्ट २०२४मध्ये या परीक्षेतून ‘लॉजिक गेम्स’ नावाचा, कोडी सोडवण्याचा विभाग काढून टाकला आणि तेव्हापासून गुण धरले जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन नुसत्या युक्तिवादांच्या परीक्षणाचे झाले. प्रत्येक विभाग पस्तीस मिनिटांचा, त्यात साधारण पंचवीस प्रश्न. भाची एका रात्री लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आली. “मावशी, तू लॉजिक शिकवायचीस ना? बाकीचे प्रश्न मला येतात. हा पॅरलल फ्लॉ आला की माझी तीन-तीन मिनिटं जातात.”

पॅरलल फ्लॉ म्हणजे ज्यावर माझा विशेष राग होता तोच प्रकार. मी चष्मा लावला आणि बसले. पहिल्या आठ प्रश्नांपैकी तीन माझे चुकले.

ते प्रश्न इथे देत नाही. त्याच साच्यातला एक मी इथल्या मातीचा करून देते. समजा, वरचा युक्तिवाद असा आहे: ‘पाणी सोडणारा माणूस आजारी असला की गल्लीत नळाला पाणी येत नाही. आज नळाला पाणी आलं नाही. तेव्हा तो आजारीच असणार.’ खाली पाच पर्याय. पहिला: टाकी रिकामी असली की नळाला पाणी येत नाही, आज पाणी आलं, तेव्हा टाकी रिकामी नव्हती. दुसरा: दुकान उघडं असलं की बाहेरचा दिवा लागलेला असतो, आज दुकान बंद आहे, तेव्हा दिवा लागलेला नसणार. तिसरा: आज तिने रियाज केलाच असणार, कारण तिचा आवाज मोकळा लागला, आणि रियाज केला की तिचा आवाज मोकळा लागतो. चौथा: ताप आला की अंग दुखतं; त्याचं अंग दुखतंय; तेव्हा त्याला बहुधा ताप असावा. पाचवा: माझ्या ओळखीचे तिन्ही वकील उत्तम बोलतात, तेव्हा सगळेच वकील उत्तम बोलत असणार.

पहिल्यात पाणी आहे, नळ आहे, म्हणून डोळा तिकडेच जातो. पण तो युक्तिवाद निर्दोष आहे. पाचव्यातली चूक वेगळ्याच घराण्यातली. दुसरा मात्र जवळचा नातेवाईक आहे. आमच्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगायचं तर जर-तर विधानातला ‘जर’चा भाग म्हणजे पूर्वांग आणि ‘तर’चा भाग म्हणजे उत्तरांग. नळाच्या युक्तिवादात उत्तरांग खरं आहे म्हणून पूर्वांग खरं मानलं. दुकानाच्या युक्तिवादात पूर्वांग खोटं आहे म्हणून उत्तरांग खोटं मानलं. दोन्हींच्या पोटात गृहीत एकच: की दिलेला नियम उलटाही चालतो. पण त्या गृहीतावर उभं राहून टाकलेलं पाऊल वेगळं, म्हणून जोडी जमत नाही. उरले तिसरा आणि चौथा. मी चौथा निवडला. वाक्यांचा क्रमही वरच्यासारखाच होता.

“मावशी, इथे प्रॉबेबली आहे,” भाची म्हणाली. “वरचा शुअर आहे. हा शुअर नाहीये.”

मूळ प्रश्नातही तसाच एक शब्द होता आणि तो मी वाचलाच नव्हता. उत्तर होतं तिसऱ्यासारखं, निष्कर्ष आधी आणि कारणं मागून सांगणारं. मला क्रम सारखा दिसला. खात्री सारखी आहे का, ते मी पाहिलं नाही. त्या वेळी मला फक्त चुटपुट लागली. या एका शब्दाला किती वजन आहे, ते दोन दिवसांनी कळायचं होतं.

माझ्या जुन्या शिकवण्याबद्दल इथे सांगितलं पाहिजे. हा दोष मी दरवर्षी शिकवत असे आणि दरवर्षी एकच उदाहरण देत असे: पाऊस पडला तर अंगण ओलं होतं; अंगण ओलं आहे; म्हणून पाऊस पडला. अंगण सडा टाकूनही ओलं होतं, असं मी म्हटलं की वर्ग हसे आणि मान डोलवे. परीक्षेत ‘दोष सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की उत्तरपत्रिकांमागून उत्तरपत्रिकांत पाऊस पडे आणि अंगण ओलं होई. मी पूर्ण गुण देत असे. मुलांना पाऊस ओळखता येत होता. दोष ओळखता येत होता की नाही, हे मी कधी तपासलंच नाही, कारण ते तपासण्याचा एकमेव मार्ग म्हणजे पाऊस आणि अंगण काढून घेणं आणि तोच सांगाडा दुसऱ्याच कपड्यांत समोर उभा करणं. ज्या प्रश्नाला मी नावं ठेवत होते तो नेमकं हेच करत होता.

गंमत वाटेल, पण जुन्या लोकांनी हे असंच शिकवलं होतं. ॲरिस्टॉटलने तर्काभासांवरच्या आपल्या ग्रंथात पाऊस आणि ओल्या जमिनीचं उदाहरण दिलं आहे, पण तो तिथे थांबला नाही. शेजारीच त्याने मध आणि पित्त ठेवलं: मध पिवळा असतो, हेही पिवळं आहे, म्हणून लोक पित्ताला मध समजतात. पावसाचा आणि मधाचा काही संबंध नाही, आणि म्हणूनच ती दोन उदाहरणं शेजारी हवीत. मी पाऊस घेतला आणि मध सोडून दिला.

आपल्याकडे न्यायशास्त्रातही ही उलटी वाट फार बारकाईने अडवलेली आहे. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान सगळ्यांच्या ओळखीचं. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं आपण रोज म्हणतो. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं कुणी म्हटलं तर? सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे न्याय शिकायला बसणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा पडणाऱ्या पुस्तकात, हे अनुमान सदोष म्हणून दाखवलं आहे. लोखंडाचा लाल तापलेला गोळा घ्या. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला नुसता अग्नी पुरत नाही, सरपण ओलं असावं लागतं. न बोललेल्या या अटीला तिथे ‘उपाधी’ म्हणतात. मला हे सगळं पाठ होतं. पण तापलेला गोळा ही हातात धरून वापरायची वस्तू आहे, कुठलाही उलटा निष्कर्ष समोर आला की त्याच्यासाठी आपला-आपला गोळा शोधायचा असतो, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

दोन दिवसांनी भाचीने तिच्या सरावाची एक पद्धत मला सांगितली. दुसऱ्यांचे पर्याय वाचण्याआधी आपणच त्याच सांगाड्याचं एक उदाहरण करायचं, म्हणजे आकार डोक्यात बसतो. “तू मला पाच बनवून दे,” ती म्हणाली, “एक बरोबर जुळणारं आणि चार चकवे.” मी वही घेतली. चकवे करायला वेळ लागला, पण जुळणारं उदाहरण हातातून आपोआप उतरलं. मी लिहिलं: ‘विद्यार्थिनीने नक्कल केली असेल तर तिच्या चुका शेजारणीसारख्याच येतात. दोघींच्या चुका सारख्या आल्या आहेत. तेव्हा हिने नक्कल केलीच असणार.’

भाचीने वाचलं आणि दहा सेकंदांत खूण केली. “हेच. एक्झॅक्टली सेम.”

मी वही तिच्या हातातून परत घेतली. ते उदाहरण मी रचलेलं नव्हतं. ते मी एकदा केलेलं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेत पुढेमागे बसलेल्या दोन मुलींच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे आल्या. पुढच्या बाकावरची हुशार, मागच्या बाकावरची बेताची. सत्यता-कोष्टकाचे तीन प्रश्न होते आणि तिन्हींत दोघींची एकच ओळ चुकली होती. बाकी सगळं बरोबर. मी मागच्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, “मॅडम, मी नाही बघितलं.” मी दोन्ही पेपर तिच्यासमोर ठेवले आणि विचारलं, मग चुका सारख्या कशा? तिच्याकडे उत्तर नव्हतं. मी तिचे त्या प्रश्नांचे गुण कापले आणि वडिलांना बोलावून घेतलं. ते शेतातलं काम सोडून आले, माझं ऐकून घेतलं, काही न बोलता गेले. मुलगी वर्गात येत राहिली, पण त्यानंतर तिने माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही.

आता ती ओळ कोणती होती ते सांगते. जर-तर विधानाच्या कोष्टकात चार ओळी असतात. त्यातल्या एका ओळीत पूर्वांग असत्य आणि उत्तरांग सत्य असतं. तिथे संपूर्ण विधान ‘सत्य’ धरायचं असतं. दोघींनी ‘असत्य’ लिहिलं होतं. पाऊस पडला नाही आणि तरी अंगण ओलं आहे, ही ती ओळ. तिथे नियम मोडत नाही, कारण पाऊस नसताना काय होईल याबद्दल नियमाने शब्दच दिलेला नाही. पण माणसाचं मन ते मानायला तयार नसतं. ते ‘तर’ ऐकतं आणि ‘तरच’ समजतं.

मराठीत हा सगळा फरक एका ‘च’मध्ये मावतो. ‘अभ्यास केलास तर पास होशील’ आणि ‘अभ्यास केलास तरच पास होशील’ ही दोन वेगळी वचनं आहेत. पहिल्यात अभ्यास पुरेसा आहे, दुसऱ्यात तो आवश्यक आहे आणि पुरेसा असल्याची काही हमी नाही. तरी घराघरांत पहिलं बोललं जातं आणि दुसरं ऐकलं जातं, किंवा दोन्ही एकदम. ‘जेवलास तर आइसक्रीम देईन’ असं आई म्हणते तेव्हा न जेवल्यास मिळणार नाही, हे ती बोलत नाही, पण मूल ते ऐकतं, आणि त्याचं बरोबरच असतं. मायकेल गाइस आणि आर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ साली यावर लिहिलं. बोलणारा असा उलटा अर्थ काढायला ऐकणाऱ्याला जणू आमंत्रणच देत असतो, असं त्यांचं म्हणणं. रोजच्या बोलण्यात हा समजूतदारपणा आहे. कोष्टकात आणि न्यायनिवाड्यात त्याचीच चूक होते.

म्हणजे त्या दोघींची चूक जगातली बहुतेक माणसं करतात ती चूक होती. एकदा ‘तर’सोबत ‘तरच’ही ऐकलं गेलं की तिन्ही कोष्टकांत तीच ओळ चुकणार, दुसरी कुठलीही नाही. दोघी माझ्याच वर्गात माझंच बोलणं ऐकून घरी गेल्या होत्या. तापलेला गोळा माझ्या टेबलावर पडला होता. आणि ज्या क्षणी मी त्या मुलीला दोषी ठरवत होते त्या क्षणी मीही तीच चूक करत होते: नक्कल केली ‘तर’ चुका सारख्या येतात, याचं मी नक्कल केली ‘तरच’ सारख्या येतात, असं करून टाकलं होतं. तिने ती चूक कागदावर केली, मी तिच्यावर केली. वर, नक्कल झालीच असं धरलं तरी ती मागच्या मुलीनेच केली, हे मी कशावरून ठरवलं? ती बेताची होती, एवढ्यावरूनच.

तिने नक्कल केली नव्हती, असं मी म्हणत नाही. ते मला आजही माहीत नाही. युक्तिवाद चुकला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. अंगण ओलं असताना पाऊस खरंच पडलेला असू शकतो. कदाचित तिने बघितलंही असेल. पण मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखी वागले. चौथ्या पर्यायातला ‘बहुधा’ तिथे मला वाचवू शकला असता, आणि तिलाही. कार्यावरून कारणाकडे जाणं हा काही गुन्हा नाही. डॉक्टर लक्षणांवरून रोगाकडे असेच जातात, पोलीसही असेच जातात. दुसरा मार्ग बऱ्याचदा नसतोच. पण ‘नक्कल केली असावी’ असं म्हणणारा माणूस पुढे चौकशी करतो. तो मुलीला एक कोरा कागद देतो आणि म्हणतो, माझ्यासमोर एक कोष्टक मांड. ‘केलीच असणार’ म्हणणारा वडिलांना बोलावतो. मराठीने ‘असेल’, ‘असावी’, ‘असणार’, ‘असणारच’ अशी पायरी-पायरीची शिडी आपल्याला दिली आहे. मी खालच्या पायरीवर उभी होते आणि वरच्या पायरीवरून बोलले.

मला हे तेव्हा का दिसलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. दोषाचं नाव मला माहीत होतं, व्याख्या पाठ होती, त्याच आठवड्यात मी तो वर्गात शिकवलेलाही असेल. १९६६मध्ये पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चार पत्त्यांचा एक प्रयोग मांडला. पत्त्यांवर ई, के, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला आहे की नाही हे बघायला कोणते पत्ते उलटायचे? पुष्कळ लोक ई आणि ४ उलटतात. बरोबर उत्तर ई आणि ७. चारच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. दहात एकालाही हे धड जमत नव्हतं. पुढे १९८२मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडात तोच सांगाडा वेगळा सजवला: बिअर पीत असेल तर वय एकोणिसाच्या पुढे हवं, तेव्हा कुणाकुणाला तपासाल? जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांनी बरोबर उत्तर दिलं. सांगाडा तोच, पण एका कपड्यात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही. माझ्याबाबतीत तेच झालं होतं. पावसाच्या कपड्यात मला तो लांबून ओळखू येई. राग, शिस्त, परीक्षेचं पावित्र्य या कपड्यांत तो माझ्याच तोंडून बोलला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी शेजारी बसून म्हटलं असतं, बाई, हे ओल्या अंगणासारखंच आहे, तर मी थांबले असते, असं मला वाटतं. ही शेजारी ठेवण्याची सवय लावणारा प्रश्न मी वर्षानुवर्षं फालतू ठरवला होता.

वेळेबद्दलचं माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. जेमतेम दीड मिनिटात जोडी लावणं हे कौशल्य आहे, पण विचाराला याहून जास्त वेळ द्यायला हवा, असं मी भाचीलाही सांगितलं. दहावीच्या भूमितीत पायथागोरसचं प्रमेय सिद्ध झाल्यावर त्याचा व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो, आयता मिळत नाही. त्यासाठी वेगळी आकृती, वेगळी पक्ष-साध्य-सिद्धता लिहितो आपण. ती उसंत मला या परीक्षेत दिसत नाही. पण प्रश्नाचा प्रकार चुकीचा आहे, हे म्हणणं मी मागे घेतलं आहे.

परत आल्यापासून रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर लॉ सीईटीची तयारी करणारी सात-आठ मुलं येतात. व्याख्या मी शेवटी सांगते. आधी नळ, दुकान, रियाज, ताप असे कागद वाटते आणि कोणता कुणाच्या शेजारी बसतो ते मुलांना लावायला सांगते. गेल्या महिन्यात मी त्यात दोन उत्तरपत्रिकांचा कागद घातला. कोणाच्या, कुठल्या, ते सांगितलं नाही. फक्त तीन कोष्टकं आणि चुकलेली ओळ फळ्यावर मांडली, बाईंचा निष्कर्ष खाली लिहिला आणि विचारलं, तापलेला गोळा कुठे आहे?

मागे बसलेल्या एका मुलाने फळ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या वहीत बघितलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “ती ओळ तर माझीपण चुकलीय.”